एटीएफ, बायोजेट आणि आयसोडोडेकेन : छोट्या कम्बस्टरमध्ये ज्योत कधी विझते ते मोजताना

जेट इंधनांच्या ज्योतीची स्थिरता या विषयावरचा एम.टेक.चा प्रबंध मी जून २०२४ मध्ये सादर केला. वर्षभरापूर्वी सुरुवात केली तेव्हा आपल्याकडच्या कॉलेजात हे काम कसं उभं करायचं, इंधन कुठून आणायचं, परवानगी कुणाची लागते, हे सांगणारं कुणी सापडत नव्हतं. परदेशी शोधनिबंध ढीगभर आहेत, पण इंधन कसं मिळालं याबद्दल त्यांत जेमतेम एक ओळ असते. आमचे चार-पाच महिने त्या एका ओळीत गेले. म्हणून सगळं घडलं त्या क्रमाने लिहितेय.

विषय ठरला जून २०२३ मध्ये. त्याआधी १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला देशी कच्च्या मालापासून बनवलेलं शाश्वत विमान इंधन मिसळून प्रवासी विमान गेलं होतं आणि पुण्यात त्याची बरीच चर्चा होती. मला अशा इंधनावर काहीतरी करायचं होतं, पण नेमकं काय ते कळत नव्हतं. माझे गाईड म्हणाले, "जळतं हे सगळ्यांना माहीत आहे. विझतं कधी, ते बघ."

विमान उतरायला लागलं की पायलट थ्रॉटल मागे घेतो. इंधन क्षणात कमी होतं, पण कॉम्प्रेसर जड असतो, तो लगेच मंदावत नाही. त्यामुळे काही क्षण हवा भरपूर आणि इंधन अगदी थोडं, अशी अवस्था येते. तेव्हा ज्योत टिकली पाहिजे. इंधन विरळ होत होत ज्योत विझण्याला लीन ब्लोआउट म्हणतात. त्या क्षणी इंधन आणि हवेचं प्रमाण काय होतं ते ‘फाय’ या आकड्याने सांगतात. हवेतला ऑक्सिजन पुरेपूर वापरला जाईल इतकंच इंधन असेल तर फाय १, निम्मं असेल तर ०.५. ज्या इंधनाची ज्योत जास्त खालच्या फायपर्यंत तग धरते ते या बाबतीत चांगलं.

अमेरिकेत २०१४ च्या सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय जेट इंधन ज्वलन कार्यक्रमात यावर पुष्कळ काम झालं. नवीन इंधनाला मान्यता मिळवायला खऱ्या इंजिनात चाचण्या घ्याव्या लागतात आणि त्यात इंधन प्रचंड लागतं. त्याआधी छोट्या कम्बस्टरमध्ये, म्हणजे ज्वलनकक्षात, चाळणी लावता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट मला चकित करून गेली. लीन ब्लोआउटचा सगळ्यात जवळचा संबंध निघाला सीटेन क्रमांकाशी, म्हणजे इंधन गरम हवेत आपोआप किती पटकन पेटतं ते सांगणाऱ्या डिझेलवाल्यांच्या आकड्याशी. जेट ए-१ च्या, म्हणजे नेहमीच्या विमान इंधनाच्या, मानकात सीटेनची अटच नाही. हे आपल्या छोट्या रिगवर, म्हणजे प्रयोगाच्या मांडणीवर, दिसतं का आणि कधी दिसत नाही, एवढाच माझा प्रश्न ठरला.

जुलैपासून इंधनाच्या मागे लागलो. एटीएफ, म्हणजे हेच नेहमीचं विमान इंधन, तेव्हा लिटरला शंभर रुपयांच्या आसपास पडायचं, म्हणजे पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न असा की ते पंपावर मिळत नाही आणि एका कॅनसाठी कुणी बिल फाडायला तयार नसतं. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र, वापर कशासाठी, साठवण कुठे, जबाबदार व्यक्ती कोण, असं सगळं देऊन आम्ही वाट बघत बसलो. मध्ये गणपती आले, मग एका अधिकाऱ्याची बदली झाली, आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून फिरलं. ऑक्टोबरमध्ये वीस लिटर हातात आलं. त्या बॅचच्या गुणवत्ता प्रमाणपत्राची प्रत जरूर मागून घ्या. घनता, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेते), ॲरोमॅटिक्सचं (बेंझिनसारख्या कडीच्या रेणूंचं) प्रमाण, सगळं त्यात असतं आणि तेवढ्या चाचण्यांचा खर्च वाचतो.

तिकडे कॉलेजचं कार्यालय वेगळंच विचारत होतं : स्फोटक विभागाचा परवाना कुठे आहे? हा विभाग म्हणजे पेसो, मुख्यालय नागपूरला. आम्ही १९३४ चा पेट्रोलियम कायदा छापून नेला. फ्लॅश पॉइंट २३ ते ६५ अंशांच्या दरम्यान असेल तर ते ‘ब’ वर्गाचं पेट्रोलियम. एटीएफचा फ्लॅश पॉइंट किमान ३८ अंश असतो, म्हणजे ते याच वर्गात. कलम ७ प्रमाणे एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत ‘ब’ वर्गाचं पेट्रोलियम, एकही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर, परवान्याशिवाय ठेवता येतं. आमच्याकडे सगळं मिळून शंभर लिटरही नव्हतं. कायद्याच्या त्या पानावर पिवळी रेघ मारून ते अर्जाला जोडलं आणि फाइल पुढे सरकली. सुरक्षा समितीने फोमचे अग्निशामक, इमारतीबाहेर कुलूपबंद शेड आणि प्रयोग चालू असताना दोन माणसं हजर, अशा अटी घातल्या. तिन्ही अटी रास्त होत्या आणि त्या शेवटपर्यंत पाळल्या.

बायोजेटचा नमुना, म्हणजे तेल-चरबीपासून हायड्रोजनच्या प्रक्रियेने बनवलेलं हेफा इंधन, एका संशोधन संस्थेकडून मिळणार होता. त्यासाठी साहित्य हस्तांतराचा करार करावा लागला. कराराचा मसुदा दोन्हीकडच्या कायदा सल्लागारांकडे जाऊन येईपर्यंत जानेवारी उजाडला. दहा लिटर मिळालं. असा करार करायचा असेल तर विषय ठरल्याच्या आठवड्यातच पत्र टाका, बाकी काही तयार नसलं तरी.

अल्कोहोलपासून बनवलेलं जेट इंधन मात्र मिळेना. मग वाचताना लक्षात आलं की आयसोब्युटेनॉलपासून बनवलेलं हे इंधन मुख्यतः दोनच पदार्थांचं असतं : फांद्या फुटलेला बारा कार्बनचा आयसोडोडेकेन आणि थोडा सोळा कार्बनचा भाऊ. आयसोडोडेकेन तर सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातला रोजचा माल आहे. टिकाऊ लिपस्टिक आणि मस्कारा ज्यात विरघळवतात ते हेच. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून किलोला साडेचारशेच्या घरात मिळालं, तेही चार दिवसांत. हे प्रमाणित जेट इंधन नव्हे हे प्रबंधात स्पष्ट लिहिलंय, पण सीटेन क्रमांक अतिशय कमी असलेलं इंधन कसं वागतं हे बघायला ते पुरेसं होतं. असं काही आणलंत तर ओतताना जपा. एटीएफमध्ये स्थिर वीज साठू नये म्हणून द्रव्य घातलेलं असतं, यात ते नसतं. दोन्ही भांडी तारेने एकमेकांना जोडून अर्थिंग केल्याशिवाय एक थेंबही ओतायचा नाही, असा आमचा नियम होता.

इंधनाची वाट बघता बघता रिग बनत होतं. कम्बस्टर म्हणजे ८० मिलिमीटर आतल्या व्यासाची क्वार्ट्झची नळी, खाली स्टीलची डोम प्लेट, तिच्या मधोमध इंधन फवारणारं नोझल आणि नोझलभोवती ४५ अंश पात्यांचा स्वर्लर. स्वर्लरमुळे हवा गोल फिरत आत येते, मधोमध दाब कमी होतो आणि जळालेले गरम वायू उलटे मागे खेचले जातात. येणाऱ्या ताज्या मिश्रणाला तेच सतत पेटवत राहतात. ज्योत टिकते ती या उलट्या प्रवाहावर. स्वर्लर भोसरीत वायरकट करून घेतला, ₹ ६,५०० लागले. नोझलसाठी विमानाच्या दुकानात जायची गरज नाही. औद्योगिक ऑइल बर्नरची नोझल चालते. तासाला अर्धा गॅलन, ६० अंश कोन, किंमत तेव्हा हजार-बाराशे. बर्नरचाच इग्निशन ट्रान्सफॉर्मर ठिणगीसाठी वापरला.

क्वार्ट्झची नळी ₹ ९,००० ची होती आणि आम्ही दोन मागवल्या. वर्कशॉपमधले मामा नळी बसवायला आले तेव्हा मी हातमोजे पुढे केले. "मॅडम, काच आहे, मी काय फोडतोय होय?" मी सांगितलं की फोडण्याचा प्रश्न नाही, बोटाच्या घामातलं मीठ काचेवर राहतं आणि ती तापली की बरोबर त्या ठशाच्या जागी पांढरी होऊन तडकते. त्यानंतर मामांनी नळीजवळ कुणालाही उघड्या हाताने फिरकू दिलं नाही. नळी शेवटपर्यंत टिकली याचं श्रेय त्यांचं. दुसरी नळी अजून खोक्यात आहे.

इंधनाचा प्रवाह मोजायला कोरिऑलिस मीटर हवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्याची कोटेशनं लाखांत आली. आम्ही इंधनाची टाकी वजनकाट्यावर ठेवली आणि नायट्रोजनच्या दाबाने इंधन ढकललं. काट्याचं वाचन दर सेकंदाला संगणकात जात होतं. वजनच मोजत असल्यामुळे घनतेची दुरुस्ती करायची भानगड नाही. हवा कॉलेजच्या स्क्रू कॉम्प्रेसरची, पण ड्रायरमधून काढलेली. पुण्याच्या पावसाळ्यात ड्रायरशिवाय असे प्रयोग करूच नयेत. हवेतली वाफ ज्योतीचं तापमान खाली आणते आणि मग जुलैचे आणि मार्चचे आकडे जुळत नाहीत.

डिसेंबर २०२३ मध्ये पहिली ज्योत लागली. आधी पिवळी, धुरकट, मग हवा वाढवली तशी खाली निळी आणि वर विरळ पिवळी. आवाज एकसारखा. आम्ही चौघे काचेच्या पलीकडे उभे होतो आणि कुणी काही बोलत नव्हतं. तोवरच्या सगळ्या पत्रव्यवहाराचा शीण त्या संध्याकाळी गेला.

जानेवारीत आयसोडोडेकेन सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी फिल्टरच्या जोडापाशी इंधन झिरपताना दिसलं. तोच जोड एटीएफवर महिनाभर कोरडा होता. कारण समजल्यावर मला खूप बरं वाटलं, कारण पुस्तकातली एक ओळ डोळ्यांसमोर उभी राहिली. एटीएफमधली ॲरोमॅटिक्स नायट्राइल रबरात शिरतात आणि जोडातली ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी, किंचित फुगते. नुसत्या पॅराफिनचं, म्हणजे ॲरोमॅटिक्स नसलेलं, इंधन आलं की ती ॲरोमॅटिक्स बाहेर निघतात, रिंग आकसते आणि जोड गळायला लागतो. कृत्रिम इंधन ५० टक्क्यांपर्यंत मिसळायला परवानगी आहे, पण तयार मिश्रणात किमान ८ टक्के ॲरोमॅटिक्स असलीच पाहिजेत, त्याचं एक मोठं कारण हेच. आम्ही सगळ्या रिंगा व्हायटॉन या दुसऱ्या रबराच्या केल्या. सगळा संच सातशे रुपयांत आला.

आता मुख्य भाग, आणि इथेच मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन. फेब्रुवारी पूर्ण आम्ही फक्त एटीएफ जाळलं. नोझल साध्या दाबाचं असल्यामुळे इंधन कमी केलं की दाब पडतो आणि थेंब मोठे होतात. मग ज्योत इंधनामुळे विझली की फवारा बिघडल्यामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून इंधन कायम ठेवून हवा हळूहळू वाढवायची, असं ठरलं. तरी एकाच इंधनाचे सकाळचे आणि दुपारचे आकडे वेगळे येत. मला रात्री झोप लागेना, कारण एटीएफचा एटीएफशीच जेवढा फरक दिसत होता तेवढाच फरक शोधनिबंधांत दोन इंधनांमध्ये होता. हळूहळू उलगडलं की बहुतेक फरक डोम प्लेटच्या तापमानाचा आहे. प्लेट जितकी तापलेली, तितकी ज्योत उशिरा विझते. इंधनाच्या टाकीचं तापमान हे दुसरं कारण. प्लेटमध्ये थर्मोकपल बसवला, वाचन स्थिर होईपर्यंत चाचणी सुरूच करायची नाही असं ठरवलं, आणि टाकीभोवती पाण्याचं जॅकेट फिरवलं. शिवाय दर दिवशी पहिली आणि शेवटची चाचणी एटीएफची. दोन्ही जुळल्या तरच त्या दिवसाचे मधले आकडे धरायचे, नाहीतर सगळा दिवस सोडून द्यायचा. असे दिवस सोडताना जीव तुटतो, पण दोन इंधनांची तुलना त्याशिवाय खरी मानता येत नाही.

विझण्याआधीचे सेकंद मी इतक्यांदा पाहिलेत की ते अजून कानात आहेत. आवाज आधी पातळ होतो. मग त्यात हळू, जड धपधप येते. ज्योतीचं बूड नोझलपासून सुटतं, वर उचललं जातं, पुन्हा खाली येऊन चिकटतं. नळीचा अर्धा भाग क्षणभर काळा पडतो आणि परत निळा होतो. रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह हवा जास्त झाल्यावर भकभकतो तसंच काहीसं. मग एका उचलीनंतर ती परत येत नाही. ज्योतीचा निळा उजेड टिपायला ४३१ नॅनोमीटरचा फिल्टर लावलेल्या फोटोडायोडवर ही धपधप स्पष्ट दिसते, आणि महागडा कॅमेरा नसेल तर मोबाइलच्या स्लो मोशननेही बूड उचललं जाताना टिपता येतं. ज्योत गेली की सोलेनॉइड व्हॉल्व्हने इंधन ताबडतोब बंद झालं पाहिजे आणि हवा चालू राहिली पाहिजे, नाहीतर तापलेल्या प्लेटवर इंधनाची वाफ साचते. हे काम माणसाच्या हातावर सोडू नका. ज्योत ओळखणारा सेन्सर लावाच.

मार्च-एप्रिलमध्ये तुलना झाली. हवा १०० अंशांपर्यंत तापवलेली असताना एटीएफ फाय ०.४२ च्या आसपास विझायचं, आयसोडोडेकेन त्याच्या आधीच, ०.४७ च्या आसपास. निम्मं-निम्मं मिश्रण मधोमध. हेफा एटीएफपेक्षा किंचित जास्त टिकलं, पण तो फरक आमच्या रिगच्या स्वतःच्या चढउताराच्या आतला आहे आणि प्रबंधात तसंच लिहिलं. फाय काढताना प्रत्येक इंधनाचं स्वतःचं प्रमाण घ्या : एटीएफला हवा १४.७ पट लागते, आयसोडोडेकेनला १४.९.

सीटेन क्रमांक बाहेरून मोजून घेतला. नमुन्याला जीएसटी धरून ₹ १४,००० आणि पाच आठवडे. घनता आणि उकळबिंदूवरून काढायचा सीटेन निर्देशांक अशा कृत्रिम इंधनांना लागू पडत नाही, त्यामुळे तिथे काटकसर करता येत नाही. आयसोडोडेकेनचा आकडा वीसच्या खाली आला, एटीएफचा पंचेचाळीसच्या वर. ज्योती ज्या क्रमाने विझत होत्या त्याच क्रमाने आकडे लागले.

मग गाईडनी स्वतःच्या निधीतून एन-डोडेकेन मागवलं, प्रयोगशाळेच्या दर्जाचं, फक्त एक लिटर. आमच्या नोझलला ते अर्धा तास पुरतं, म्हणून रिग एटीएफवर तापवून तीन-मार्गी व्हॉल्व्हने इंधन बदललं. एन-डोडेकेन आणि आयसोडोडेकेन, दोन्हीत बारा कार्बन, सव्वीस हायड्रोजन, उष्मांक जवळजवळ सारखा. एकाची साखळी सरळ, दुसऱ्याची फांद्यांची. सरळ साखळी तुटून इथिलीन निघतं आणि ते पटकन पेटतं. फांद्यांची साखळी तुटून आयसोब्युटीन निघतं, ते रेंगाळतं. ज्योत तग धरून असते तेव्हा गरम वायूंना ताजं मिश्रण पेटवायला मिळणारा वेळ मिलिसेकंदांत असतो, आणि रेंगाळणाऱ्याला तो पुरत नाही. सरळ साखळीची ज्योत त्या दिवशी सगळ्यांत शेवटी विझली. अख्ख्या वर्षातला मला सर्वांत आवडलेला आलेख तो.

शेवटी इंधन बर्फ-मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून थंड करून आणि हवा न तापवता त्याच चाचण्या केल्या. नोझलपाशी इंधन उणे ५ अंशांच्या आसपास होतं. एन-डोडेकेन उणे साडेनऊला गोठतं आणि वेटोळं त्याहून थंड, म्हणून ते यात घेतलं नाही. तिन्ही इंधनं बरीच आधी विझायला लागली आणि त्यांच्यातलं अंतर आकसलं. थंड इंधन घट्ट होतं, थेंब मोठे पडतात, आणि पेटायच्या आधी वाफ होण्यातच वेळ जातो. तिथे सीटेनचं काही चालत नाही, चिकटपणा आणि उकळण्याचं तापमान ठरवतात. त्यामुळे ‘अमुक इंधन चांगलं’ असं कुणी सांगितलं तर आधी मी विचारते, हवा किती गरम होती आणि इंधन किती थंड?

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी निकालांवर दोन प्रश्न विचारले आणि बाकी सगळे एटीएफच्या पहिल्या-शेवटच्या चाचणीवर. त्या चाचण्यांची वही सोबत ठेवली होती, तीच पुढे केली.

एक काम अजून चालू आहे. उरलेलं आणि नळ्या धुताना मिसळलेलं इंधन नाल्यात ओतता येत नाही. ते घातक कचऱ्यात मोडतं आणि अधिकृत उचल करणाऱ्यांकडेच द्यावं लागतं. थोड्या मालासाठी गाडी यायला ते तयार नसतात. म्हणून आम्ही रसायन विभागाच्या टाकाऊ द्रावकांबरोबर एकत्र उचल मागितली आहे, आणि कॅनवर काय मिसळलंय, किती आणि कधी, याची चिठ्ठी पहिल्या दिवसापासून लावलेली असल्यामुळे फॉर्म भरताना काही अडलं नाही. रिग पुढच्या बॅचच्या दोन मुलींकडे गेलंय. त्यांना थंडीत ज्योत पेटते कधी ते मोजायचंय, आणि त्यांनी एटीएफचं पत्र जूनमध्येच टाकलंय.